उमाटे काकाजींना काढण्याची सभा

“दोनच सतरंज्या? मले काढाले दोनच?”

मी आतल्या दाराच्या पडद्यामागे चहाचा ट्रे धरून उभी होते. बैठकीत बाबांचा आवाज एकदम खाली गेला. “सभा लहानच आहे, उमाटेजी. विषय एकच आहे.”

“विषय एक असला म्हणून माणसं एक राह्यते का जी? अर्धी सोसायटी आली तरी दोन सतरंज्याईवर मावत नाई. मंग बाकीचे उभे राह्यतीन. उभ्या माणसाचे पाय दुखले का तो कशालेई हात वर करते. तसं काढलेलं मले नाई चालत. चार न्या. अन् चहाले वडनेर गंज नेजा, केटलीनं काही होत नाई.”

बाबा वकील होते. कोर्टात त्यांचा आवाज बाहेरच्या पिंपळापर्यंत जातो, असं त्यांचे पक्षकार सांगत. त्या दिवशी ते फक्त “बरं” म्हणाले. मी ट्रे घेऊन बैठकीत गेले. काकाजींनी कप उचलला, बशीची कड अंगठ्यानं चोळून पाहिली आणि एक घोट घेऊन म्हणाले, “वकीलसाहेब, माह्यं म्हणणं सभेत ऐकाचं हाये ना? नियमात हाये. ते आधी घेजा. मतं झाल्यावर कोणी थांबत नाई, चपला शोधाले लागते.”

ज्या माणसाला समितीतून काढायचं, त्याच्याचकडे सभेच्या सतरंज्या मागाव्या लागत होत्या, कारण त्या त्याच्याच ताब्यात होत्या. सभासद चहाशिवाय सभेला येत नसत आणि चहाचं भांडंही त्याच्याकडेच होतं. ही अडचण नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली नव्हती.

देवराव उमाटे मूळचे वडनेरचे. सगळी नोकरी कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली. कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही हातांनी हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि गाडीची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माणूस घरी बसला, बोटं बसली नाहीत. बोलता बोलता ते समोरच्याच्या शर्टाची बाही, टेबलावरचा रुमाल, नुकतीच मळलेली कणीक, काहीही दोन बोटांत घेऊन चोळत. माणसांनाही त्यांनी प्रती लावून ठेवल्या होत्या. “झाडे आखूड धाग्याचा हाये, पण स्वच्छ,” असं ते आमच्या कॉलनीतल्या झाड्यांसमोरच सांगत, आणि झाडे याचा राग मानावा की नाही या विचारात पडत.

आमची सोसायटी हिंगणघाटच्या कापूस बाजारामागची. प्लॉट पाडून घरं बांधलेली, बहुतेक सगळे अल्लीपूर, वडनेर अशा गावांतून शेती ठेवून शहरात आलेले, थोडे नोकरीवाले, दोन-तीन दुकानदार. मी आले तेव्हा, म्हणजे ऐंशी सालच्या आसपास, नागपूरच्या कॉन्व्हेंटमधलं माझं शिक्षण संपलं होतं आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं की बाया एकमेकींकडे बघून म्हणत, “रेडिओ लागला वं!” म्हणून मी तोंड उघडायचं बंद केलं. मग त्या म्हणायला लागल्या, “काऊन बोलत नाई वं तू?” याला उत्तर द्यायचं तर बोलावं लागलं असतं.

सोसायटीच्या समितीत अध्यक्ष, सचिव म्हणजे बाबा, खजिनदार असे होतेच. पण सगळ्यात मोठं पद भांडारसदस्याचं, म्हणजे काकाजींचं, असं माझं पहिल्या आठवड्यातच मत झालं. कॉलनीत वस्ती झाली तेव्हा काकाजींनी टूम काढली होती: ज्याची वास्तुपूजा, त्यानं एक भांडं सोसायटीला द्यायचं. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं पवित्र होत नाही. तेव्हा प्रत्येक परातीवर, घमेल्यावर, झाऱ्यावर कासारानं ठोक्यांनी नाव घातलेलं होतं: झाडे परिवार, कलोडे परिवार. त्या सगळ्यांचा संसार काकाजींच्या घरी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शेत पुतण्या पाहायचा. घरातल्या दोन्ही खोल्या भांड्यांच्या, आणि काकाजी व्हरांड्यात तख्तावर.

मोठ्या भांड्यांना त्यांनी गावांची नावं दिली होती. सगळ्यात मोठा गंज, म्हणजे उभं पातेलं, तो अल्लीपूर, कारण तेवढं मोठं गाव तालुक्यात दुसरं नाही, असं ते म्हणत. त्याहून लहान तो वडनेर. त्यांचं स्वतःचं गाव असल्यामुळे तो जरा जास्त घासलेला असे. एक पितळी परात होती, तिचं नाव केळझर. तिथला गणपती जागृत, म्हणून त्या परातीत फक्त प्रसाद. कांदा-लसणाच्या जवळपासही ती जात नसे.

भांडं मागायला गेलं की आधी जाब द्यावा लागे. “पानं किती?” हा पहिला प्रश्न. झाडे काकू एकदा म्हणाल्या, “दीडशे.” काकाजींनी जागेवरून न उठता विचारलं, “बाई, तुमच्याशी बोलणारी माणसं पन्नास नाईत, दीडशे जेवतीन कोण? वडनेर न्या.” काकू रागानं वडनेर घेऊन गेल्या. भाजी उरली.

भांड्याबरोबर काकाजी येतच. वेगळं आमंत्रण लागत नसे. आचारी चुलीशी बसायच्या आत ते पाट घेऊन बसलेले असत. भांड्याच्या बुडाला बोटानं टकटक करून आत किती शिजलंय ते ते सांगत. सगळ्यांची पंगत उठल्यावर शेवटी जेवत, आणि जेवता जेवता कोण कुठली परात घासायला उचलतंय त्यावर डोळा असे. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांच्या घरी भांड्यांतून थोडी बुंदी, थोडी वडी, मूठभर तांदूळ असं काहीबाही येई. त्यांच्या स्वयंपाकघरातून धूर निघालेला मी क्वचित पाहिला. कॉलनी जेवेल तसं ते जेवत.

आईनं मला पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवलं ते सत्यनारायणाच्या वेळी. मी त्यांच्या फाटकात उभी राहिले आणि फाटकाची कडी वर-खाली करू लागले. काकाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दोन्हीकडचं स्वतःच बोलायला सुरुवात केली.

“वकीलसाहेबाकडून आली? हो. पूजा हाये? हो. पानं किती? पंचवीस म्हणत असतीन, चाळीस होतीन. गोड काय? शिरा. प्रसादाचा? मंग केळझर लागते. अन् वरणाले? वडनेर. नेशील का उचलून? नाई, मीच घेऊन येतो. जाय तू.”

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सोपा संवाद होता. त्यात त्यांनी एकदाही विचारलं नाही की मी काऊन बोलत नाही.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांना जड जाई. ज्या भांड्यात तेरवीचा स्वयंपाक झाला, ते सरळ लग्नात द्यायचं नाही. मध्ये त्यात एका बारशाचा स्वयंपाक झाला पाहिजे. “भांडं दुःखातून येते जी,” ते समजावून सांगत. “त्याले थेट बँडबाज्यात कसं नेता? आधी लेकराचं तोंड दाखवा, मंग न्या लग्नाले.” हा नियम कोणी केला, कधी केला, माहीत नाही. पण तो मोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि एकेकाच्या घरी बारशाची घाई नसताना लग्नाची असायची.

सोसायटीचे अध्यक्ष कलोडे साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच्याआधी कॉलनीतल्या एका आजोबांची तेरवी झाली, तिचा स्वयंपाक अल्लीपूरमध्ये. पुढच्या बारशाची आशा एकाच घरी होती. झाड्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

ते दिवस मला नीट आठवतात. सगळी कॉलनी झाड्यांच्या सुनेच्या तब्येतीची चौकशी करत होती. कलोडे साहेब, जे कधी कोणाच्या बायकोमुलांबद्दल बोलत नसत, रोज संध्याकाळी झाड्यांच्या फाटकाशी थांबून विचारत, “काही हालचाल?” कलोडे काकूंनी डिंकाचे लाडू पाठवले. कोणी म्हणालं, तिला चालायला लावा. कोणी म्हणालं, टांग्यातून वणा नदीपर्यंत फिरवून आणा, रस्ता खराब आहे, फायदा होईल. बिचारी पोरगी व्हरांड्यात यायची बंद झाली. दाई तर म्हणाली, “लेकरू लग्नाची पत्रिका वाचून येत नाई ना जी, साहेब.”

लेकरू आलं नाही. काकाजींनी अल्लीपूर दिला नाही. कलोडे साहेबांनी हात जोडले, मग आवाज चढवला, मग अध्यक्ष म्हणून हुकूम दिला. काकाजी तख्तावर बसून त्यांच्या कोटाची बाही चोळत म्हणाले, “साहेब, तुमच्याच पोरीचं भलं पाहून राह्यलो. तेरवीच्या गंजातलं वरण तिच्या सासऱ्यानं खाल्लं तर उद्या नाव कोणाचं?” शेवटी लग्नाचं वरण वडनेरमध्ये आणि घरोघरच्या पातेल्यांमध्ये शिजलं. प्रत्येक पातेल्यात मीठ वेगळ्या हातानं पडलं. वरपक्षाच्या एका पंगतीला अळणी, दुसरीला खारट, आणि तिसऱ्या पंगतीला नवऱ्या मुलाचे मामा बसले होते, त्यांना दोनदा मीठ पडलेलं आलं. मामा पानावरून उठले. त्याच संध्याकाळी, वरात निघत असताना, झाड्यांकडे मुलगा झाला.

कलोडे साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बाबांना बोलावून सांगितलं, “उमाट्याला समितीतून काढायचं. नियमानं काढायचं.”

नियमानं काढण्याआधी गोडीनं सांगून पाहावं, असं बाबांचं मत. म्हणून ते, कलोडे साहेब आणि झाडे असे तिघे काकाजींकडे गेले. राजीनामा द्या, एवढंच सांगायचं होतं. परत आले ते तासाभरानं. आईनं विचारलं, “काय म्हणाले?” बाबा म्हणाले, “गुरुवारी कलोड्यांकडे भजन आहे.”

झालं होतं असं: तिघे बसले, काकाजींनी चहा केला, आणि कोणालाच विषय काढवेना. शेवटी काकाजींनीच विचारलं, “कोणता कार्यक्रम काढला?” त्यांच्याकडे कोणी भांडं मागितल्याशिवाय येतच नसे. कलोडे साहेब गडबडले आणि बोलून गेले, “असंच… भजन.” गुरुवारी सकाळी काकाजी वडनेर घेऊन त्यांच्या दारात हजर. कलोडे साहेबांना भजनी मंडळ शोधावं लागलं. वीस-पंचवीस माणसं जेवली. कलोडे साहेबांना भजनाची ॲलर्जी होती.

मग सभा ठरली. सभा होईपर्यंत कार्यक्रमांना भांडार बंद, असा अध्यक्षांनी हुकूम काढला, त्यामुळे झाड्यांच्या नातवाचं बारसं बाजारातल्या जिलेबीवर भागलं आणि अल्लीपूर तसाच राहिला. त्यानंतरचा सतरंज्यांचा प्रसंग मी सांगितलाच.

सभा सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर, लिंबाखाली. कामकाज लिहून घ्यायला बाबांनी मला बसवलं. माझं अक्षर चांगलं आणि मी मध्ये बोलणार नाही, हे दोन्ही गुण तिथे उपयोगी होते. काकाजींनी स्वतः येऊन सतरंज्या अंथरल्या, कोपरे ताणून त्यांवर विटा ठेवल्या. चुलीवर वडनेरमध्ये चहा उकळत होता. पण वेचणीचे दिवस होते, निम्मे सभासद शेतावर. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “गणपूर्ती नाही. सभा होऊ शकत नाही.”

“काऊन नाई?” काकाजी उठले. “थांबा जी.”

आणि तो माणूस घरोघर फिरला. मला लिंबाखालून त्यांचा आवाज एकेका गल्लीतून येत होता. “चाला जी, तिकडे मले काढून राह्यले, तुम्ही घरी काऊन बसले?” “शेतातून आले का? मंग हात धुवा अन् चाला, चहा तयार हाये.” जे आले त्यांना बहुतेक वाटलं, काकाजींनी सभा बोलावली आहे. गणपूर्ती झाली.

बाबांनी विषय वाचला. मग सदस्याचं म्हणणं ऐकायची वेळ आली. काकाजी उभे राहिले, टोपी सारखी केली. सगळे खाली बघायला लागले. कलोडे साहेबही.

“माह्यं म्हणणं एवढंच हाये,” ते म्हणाले, “का भांड्याईले हवा लागू द्या. एकमेकांत घालून ठेवले का ते फसते, मंग वाकल्याशिवाय निघत नाई. अन् माणसाचंई तसंच हाये, पण ते राहू द्या. चहा झाला का सगळ्याईचा?”

कोणीतरी म्हणालं, “झाडे राह्यले.” झाड्यांना चहा दिला गेला. मगच मतं घेतली.

हात मोजायला कोणी पुढे येईना, कारण मोजणाऱ्याला काकाजींच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. तेव्हा काकाजीच ओळीनं मोजत गेले. झाड्यांचा हात कानापर्यंत आला होता, वर नव्हता. काकाजी त्यांच्यापुढे थांबले.

“हे काय हाये? वर हाये का खाली?”

“तुम्ही सांगा जी,” झाडे म्हणाले.

“मी काय सांगू? तुह्या सुनेले महिनाभर लोकाईनं छळलं माह्यापायी. पुरा वर कर बावा, अर्धा हात मोजता येत नाई.”

झाड्यांनी हात पुरा वर केला. ठराव मंजूर झाला. मी तो लिहिला.

पुढे जे झालं ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, पण आपल्याकडे कोणाला तसंच पाठवता येत नाही. बाबांनी पिशवीतून शाल आणि नारळ काढला. मावळत्या सदस्याचा सत्कार! कलोडे साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि सवयीनं म्हणून गेले, “आपलं असंच मार्गदर्शन लाभत राहो.” टाळ्या जोरात पडल्या. काकाजींनी शालीचा काठ चिमटीत धरून ओढून पाहिला. “सूत मिसळ हाये,” ते म्हणाले, आणि सतरंज्या गोळा करायला लागले.

काढण्याचा विचार सगळ्यांनी केला होता. भांडी कुठे ठेवायची याचा कोणीच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या-त्यांच्या घरच्या बायकांनी सांगितलं, एवढी भांडी माझ्या घरात येणार नाहीत. मग एक झारा गेला. झाडे काकू म्हणाल्या, त्याच्यावर आमचं नाव आहे. त्या नेऊ शकतात तर आम्ही का नाही, असं करत संध्याकाळपर्यंत काकाजींच्या दारात रांग लागली. प्रत्येक जण आपलं नाव वाचून आपलं भांडं उचलत होता. काकाजी मदत करत होते, कोणाचं नाव झिजलेलं असलं तर अंगठा फिरवून सांगत होते, “हे तुमचं हाये, न्या.” दिवस मावळता त्यांच्या दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. सोसायटीत आता प्रत्येकाकडे एक भांडं होतं आणि कोणाकडेच कार्यक्रमाला पुरेल इतकी भांडी नव्हती. कलोडे साहेबांच्या नावाची नुसती झाकणं निघाली.

अल्लीपूरवर “समस्त रहिवासी” असं नाव होतं, म्हणून तो कोणाचाच नव्हता. तो मोकळ्या प्लॉटवर आडवा पडून राहिला. थंडीत एका कुत्रीनं त्यात पिल्लं घातली. काकाजी सकाळी तिथे गेले, वाकून पाहिलं आणि थेट आमच्या फाटकाशी आले.

“वकीलसाहेब, अल्लीपूरात बारसं झालं. आता लग्नाले चालते.”

बाबा हसले नाहीत. काकाजीही नाही. ते खरंच कळवायला आले होते.

त्यानंतर सगळे कार्यक्रम बाजारातल्या बिछायत केंद्राच्या भाड्याच्या भांड्यांत व्हायला लागले. ती भांडी हातगाडीवरून येत, काही न बोलता, कोणी किती पानं हे न विचारता. सोपं झालं सगळं. फक्त काकाजी दिसेनासे झाले. त्यांना कोणी वाळीत टाकलं नव्हतं. उलट सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदरच होता. पण इतक्या वर्षांत त्यांना जेवायला बोलवायची कोणाला सवयच लागली नव्हती. ते भांड्याबरोबर येत. आता भांडं त्यांचं नव्हतं, आणि आपण ज्याला काढलं त्याला आमंत्रण द्यायला जायचं तर कोणत्या तोंडानं, असंही प्रत्येकाला वाटत होतं. आमच्या समोरच्याच रांगेत त्यांचं घर. कॉलनीत कुठे पंगत असली की ते व्हरांड्यात तख्तावर बसत. बिछायतवाल्याच्या पोरांनी गंज आपटला की त्यांची मान तिकडे वळे. मग उठून ते आत जात आणि थोड्या वेळानं त्यांच्या स्वयंपाकघरातून एका माणसाच्या भाताचा धूर निघे.

मला हे दिसत होतं. मी गप्प बसणारी, मला दिसायचंच. एकदा आईला मी म्हणाले, “काकाजी बारीक झालेत.” आई म्हणाली, “वय झालं.”

पुढच्या उन्हाळ्यात माझं साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. मुलगा यवतमाळकडचा, पाहायला आला तेव्हा त्याच्या आईनं माझ्या आईला तीनदा विचारलं होतं, “मुलगी बोलते ना जी?” आई म्हणाली, “बोलते, बोलते, इंग्लिशमध्ये तर फार छान.” मुलानं मला विचारलं होतं, तुम्हाला काय आवडतं; मी विचार करत होते तोवर आईनं उत्तर दिलं. शिवणकाम.

बाबा काकाजींकडे स्वतः गेले होते. अक्षत दिली, “यायचं आहे” म्हणाले. काकाजींनी “हो जी” म्हटलं. बाबांना बरं वाटलं. पण आमच्याकडे आमंत्रण एकदा देऊन होत नाही. पानं वाढली की माणूस पाठवून पुन्हा बलावणं करावं लागतं, “चला, पानं वाढली.” त्याशिवाय मानाचा माणूस घरातून हलत नाही. हे बाबांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मांडव आमच्या घरापुढे रस्त्यावर. दुपारचे बारा वाजून गेले होते. साक्षगंधाचा विधी आटोपला, मला हिरव्या साडीत व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं होतं, शेजारी सासूबाई, त्यांच्या पलीकडे सासरे. समोर पंगत मांडली जात होती. बिछायतची पोरं पत्रावळी टाकत होती.

माझ्या खुर्चीवरून काकाजींचं घर सरळ दिसत होतं. ते तयार होऊन बसले होते. परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, पायात वहाणा. तख्ताच्या अगदी कडेला. एक पाय खाली, एक पायरीवर. रस्त्यानं कोणी आमच्या मांडवातून तिकडे निघालं की ते उठून उभे राहत; तो माणूस पुढे निघून गेला की सदऱ्याची बाही दोन बोटांत चोळत पुन्हा बसत. एकदा ते उभे राहिले, आत जाऊन आले, दाराला कडी घालून पुन्हा बसले. म्हणजे निघायचीच तयारी होती. घरात काही शिजत नव्हतं.

मांडवात कलोडे साहेब झाड्यांना म्हणाले, “उमाट्याकडे कोणी गेलं का?”

“वकीलसाहेबानं पाठवलं असन कोणाले.”

बाबा व्याह्यांच्या मागे उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “मला वाटलं तुम्ही गेलात.”

“मी कसा जाऊ जी?” कलोडे साहेब म्हणाले. “मी अध्यक्ष.”

झाडे पत्रावळीकडे बघायला लागले. भात वाढून झाला. वरण वाढलं, तूप पडलं. पाणी वाढलं. माझ्या सासऱ्यांनी मांडवाकडे नजर फिरवली आणि म्हणाले, “चला, करा सुरुवात. कोणाची वाट पाहायची?” पंगतीतले हात पानांकडे गेले. समोर काकाजींनी वहाणा काढल्या. एक काढली, मग दुसरी, आणि दोन्ही उचलून भिंतीशी जोडून ठेवल्या.

मी उभी राहिले. सासूबाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी माझा हात धरला. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनीच “बस, बस” म्हणत होती. मी व्हरांड्याच्या पायरीवर आले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका तो रस्त्यापलीकडे गेला. बिछायतवाल्याचा झारा हवेतच थांबला.

“काकाजी! पानं वाढली! चाला ना जेवाले, आम्ही थांबलो तुमच्यासाठी!”